कोळशाच्या अंगणातला बाजार

व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या घरोघरी जो कोळसा जळत होता, त्यातला बराचसा शेगडीत पडण्याआधी एकदा उंचावरून आदळलेला असे. यॉर्कशरच्या खाणींवरून भरून निघालेल्या वाघिणी किंग्ज क्रॉस स्टेशनमागच्या मालधक्क्यात येत. तिथे विटांच्या लांबच लांब इमारती होत्या आणि रूळ थेट त्यांच्या वरच्या मजल्यावर नेलेले होते. वाघिणीच्या तळाचं झाकण उघडलं की कोळसा मधल्या मजल्यावरच्या कोठ्यांत कोसळे, तिथून पोत्यांत उतरे, आणि खाली फरसबंदीवर उभ्या असलेल्या घोडागाड्या ती पोती शहरभर पोचवत. वर नेण्याचं काम इंजिनाचं, खाली आणण्याचं गुरुत्वाकर्षणाचं. पूर्वेकडची इमारत १८५१ च्या सुमाराची, पश्चिमेकडची तिच्यानंतर दहाएक वर्षांनी उठलेली. दोघींना मिळून लोक कोल ड्रॉप्स म्हणत.

आज त्याच कमानींखाली पॉल स्मिथचे शर्ट, अत्तरं, महागडी घरसजावट आणि स्पॅनिश खाणं मिळतं. २६ ऑक्टोबर २०१८ रोजी इथे ‘कोल ड्रॉप्स यार्ड’ हा बाजार उघडला. खर्च सुमारे दहा कोटी पौंड, जागा सुमारे एक लाख चौरस फूट, दुकानं आणि खाणावळी मिळून पन्नासच्या वर. आराखडा थॉमस हेदरविकच्या स्टुडिओचा. त्याच्यापुढची अडचण खरी होती. दोन अरुंद, लांबट, संरक्षित इमारती, त्याही एकमेकींना समांतर नाहीत, मध्ये मोठं अंगण. गिऱ्हाईक एका इमारतीत शिरलं तर दुसरीकडे फिरकणारच नाही. हेदरविकने दोन्ही छपरांच्या आतल्या उतरणी बाहेर ओढल्या, वाकवल्या आणि अंगणाच्या मधोमध हवेत एकमेकींना टेकवल्या. वर वेल्समधली निळसर स्लेट. या नव्या छपराचा भार जुन्या भिंतींवर नाही; जुन्या इमारतीतून अलगद वर काढलेल्या पोलादी खांबांवर आहे. छपरं जिथे भेटतात तिथे खाली एक प्रशस्त नवा मजला तयार झाला. २०१९ साली तो सॅमसंगकडे गेला. त्यांनी तिथे दुकानापेक्षा प्रदर्शनाला जवळचं असं दालन थाटलं. म्हणजे बाजारातला सगळ्यात देखणा मजला रूढ अर्थाने दुकान राहिलाच नाही.

छपराविषयी भरपूर लिहून आलं, कौतुकाने आणि कुत्सितपणेही. पण हा बाजार कसा उभा राहिला आणि कुठे अडखळला हे समजून घ्यायचं तर नजर छपरावरून खाली, जमिनीवर आणावी लागते. ही जमीन कुणाची होती, एका हातात कशी आली, आणि त्या हाताला किती वर्षं थांबणं परवडलं, यात निम्म्याहून जास्त उत्तर आहे.

सगळ्याच्या आधी पाणी होतं. पॅडिंग्टनपासून लाइमहाउसला टेम्सपर्यंत जाणारा रीजंट्स कॅनॉल १८२० मध्ये पूर्ण झाला. घोड्याने ओढलेले पडाव विटा, लाकूड, कोळसा घेऊन शहराच्या उत्तर अंगाने फिरू लागले. काठावर १८२४ मध्ये गॅसचा कारखाना आला. मग ग्रेट नॉर्दर्न रेल्वे आली आणि १८५२ मध्ये ल्युइस क्यूबिट या वास्तुविशारदाने स्टेशनबरोबर कालव्याकाठी धान्याचं अवाढव्य कोठार बांधलं. लिंकनशरचा गहू गाडीने येई, सहा मजल्यांत साठे, आणि लंडनच्या बेकऱ्यांकडे जाई. कालव्यातून एक फाटा काढून कोठारासमोर गोदी केलेली होती. पडाव इमारतीच्या पोटात शिरत. रेल्वेने कालवा मारला असं सरसकट म्हटलं जातं. किंग्ज क्रॉसला निदान काही दशकं तरी दोघं एकाच छपराखाली नांदले.

कोळसा पाडण्याच्या या धंद्यातूनच सॅम्युअल प्लिमसॉल पुढे आला. कोळसा पडताना फुटून भुकटी होऊ नये अशी युक्ती त्याने काढली आणि १८६० च्या दशकात याच परिसरात, कालव्याच्या पलीकडच्या बाजूला आपले स्वतःचे ड्रॉप्स चालवले. पुढे तो खासदार झाला आणि जहाजावर किती माल चढवायचा याची खूण कायद्याने सक्तीची करायला लावली. जगातल्या प्रत्येक मालवाहू जहाजाच्या अंगावर आज दिसणारी प्लिमसॉल रेषा ती हीच.

विसाव्या शतकात एकेक आधार गळत गेला. घरातल्या शेगड्या विझल्या, गॅस समुद्राखालून येऊ लागला, माल ट्रकने जाऊ लागला. १९६० चं दशक सरेपर्यंत कालव्यावरची मालवाहतूक जवळपास थांबली होती. बाटल्यांचं गोदाम म्हणून वापरात असलेल्या पूर्वेकडच्या कोल ड्रॉप्सला १९८५ मध्ये आग लागली. त्या काळात किंग्ज क्रॉस म्हटलं की लंडनकरांच्या डोळ्यांसमोर वेश्यावस्ती आणि अमली पदार्थ येत.

तरी ‘ओसाड’ हा बिल्डरांचा लाडका शब्द इथे पूर्ण खरा नाही. कोळशाच्या एका जुन्या यार्डात बसगाड्यांचा तळ होणार होता; रहिवाशांनी आणि निसर्गप्रेमींनी तो रोखला आणि १९८५ मध्ये कॅमली स्ट्रीटचं छोटं निसर्गउद्यान उघडलं. दोनेक एकरांत तळं, लव्हाळी, पाणकोंबड्या. पलीकडे गोदामांत ‘बॅग्लेज’ आणि ‘द क्रॉस’ हे नाइटक्लब जोरात होते. शनिवारी रात्री हजारो तरुण मुलं या विटांखाली नाचत. भाडं कमी, शेजार नाही, आवाजाची तक्रार करायला कुणी नाही, म्हणून ती जागा त्यांना मिळाली होती. २००७ सरता सरता हे क्लब बंद झाले. नव्या बाजाराच्या जाहिरातीत त्या रात्रींचा उल्लेख हमखास असतो. या कमानींखाली क्लब मात्र परत आला नाही.

पहिला मोठा आराखडा १९८० च्या दशकाअखेर वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरने केला होता. त्यात ऑफिसंच ऑफिसं होती. जागांचे भाव कोसळले आणि आराखडाही गेला. ते बरंच झालं, असं आता मागे वळून म्हणता येतं. खरी कलाटणी आली ती खाडीखालच्या बोगद्याच्या रेल्वेमुळे. पॅरिसची गाडी शेजारच्या सेंट पँक्रसला आणायची ठरली, आणि त्या व्यवहारात जमिनीचा मोठा भाग लंडन अँड काँटिनेंटल रेल्वेज या कंपनीकडे आला. उरलेला एका मालवाहतूक कंपनीचा. दोन मालक आणि त्यांनी निवडलेला एक विकासक, आर्जंट: एकूण ६७ एकर, शहराच्या मध्यावर, पाण्याकाठी, सहा भुयारी मार्गांच्या डोक्यावर. असं घबाड युरोपात क्वचित मिळतं.

आर्जंटचा प्रमुख रॉजर मॅडेलिन सायकलवरून सभांना जाण्यासाठी ओळखला जाई. कंपनीने २००१ मध्ये चित्रांआधी तत्त्वांचं एक पुस्तक काढलं आणि पुढची काही वर्षं शाळा, क्लब, वस्त्या, विरोधक अशा सगळ्यांपुढे बैठका घेतल्या. विरोधक होतेच. किंग्ज क्रॉस रेल्वे लँड्स ग्रुपचं म्हणणं होतं की इथे परवडणारी घरं जास्त आणि ऑफिसं कमी हवीत. २००६ च्या मार्चमध्ये कॅम्डेन कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, समितीने आराखड्याला होकार दिला: सुमारे पन्नास नव्या इमारती, वीस रस्ते, दहा सार्वजनिक चौक, दोन हजारांच्या आसपास घरं, वीसेक जुन्या वास्तूंची डागडुजी. विरोधक न्यायालयात गेले आणि हरले.

नेमक्या त्याच महिन्यात, मार्च २००६ मध्ये, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचा निकाल दिला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मराठी वाचकाला लंडनची गोष्ट जास्त नीट कळते. गिरणगावात ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाख कामगारांचं जगणं उलटंपालटं केलं. १९९१ च्या विकास नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळपणे एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ यांच्या अभ्यासगटाने सुचवलं होतं की तुकडे एकत्र करा, मैदानं आणि चौक सलग होतील असं पाहा, स्टेशनांभोवतीची जागा मोकळी करा. ते कागदावर राहिलं. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची ठरली; गिरण्यांची बहुतेक जमीन तर शेडखाली होती. पर्यावरणवादी उच्च न्यायालयात जिंकले आणि सर्वोच्च न्यायालयात हरले. मग प्रत्येक गिरणीने आपापल्या कुंपणाच्या आत आपापला मनोरा उभारला. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या डोक्यावर शिल्लक आहे, पण लोअर परळला स्टेशनवरून उतरलेल्या माणसाला त्या चिमणीपर्यंत धडपणे चालत जायला रस्ता नाही. कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. घरं ६,९२५, अर्जदार लाखाच्या वर.

किंग्ज क्रॉसला फरक पडला तो क्रमामुळे. आर्जंटने दुकानं सगळ्यात शेवटी आणली. आधी जुन्या धान्यकोठारात सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कलामहाविद्यालय आणलं. मंदी ऐन भरात होती, बँका हात आखडून होत्या, आणि तरी २०११ मध्ये काही हजार विद्यार्थी रंगाचे डबे आणि शिवणयंत्रं घेऊन तिथे हजर झाले. पुढच्या वर्षी कोठारासमोर, जिथे पूर्वी पडावांची गोदी होती, तिथे ग्रॅनरी स्क्वेअर उघडला. जमिनीतून उसळणारी १,०८० कारंजी, आणि कालव्याकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. बांधकाम चालू होतं तोवर स्थानिक मुलांची एक बाग राडारोडा भरायच्या लोखंडी डब्यांत वाढत होती. एका भूखंडावर क्रेन आली की बाग उचलून दुसऱ्यावर. १८६० च्या दशकातले गॅसटाक्यांचे एकमेकांना जोडलेले तीन ओतीव लोखंडी सांगाडे उतरवून यॉर्कशरला दुरुस्तीला पाठवले गेले, आणि परत आणून कालव्याच्या उत्तर काठावर उभे केले. त्यांच्या आत आता १४५ घरं आहेत, खोल्या केकच्या तुकड्यासारख्या निमुळत्या. चौथ्या सांगाड्यात नुसती हिरवळ. गूगलने २०१३ मध्ये जमीन घेतली. तिथली त्यांची इमारत ३३० मीटर लांब आहे, आडवी पडलेली गगनचुंबी.

थांबणं परवडण्याचं कारणही साधं होतं. हे लोक इमारत बांधून विकून निघून जाणार नव्हते. भाडं खाणार होते. म्हणून चौकात झाड कुठलं लावायचं याचाही त्यांना विचार करावा लागत होता. २०१६ च्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने आपल्या मालकीच्या लंडन अँड काँटिनेंटल रेल्वेजचा ३६.५ टक्के हिस्सा ३७.१ कोटी पौंडांना ऑस्ट्रेलियनसुपर या निवृत्तीनिधीला विकला. मेलबर्नमधल्या नर्सच्या आणि सुताराच्या म्हातारपणाची पुंजी आता कोळशाच्या या यार्डात गुंतलेली आहे. सरकारने घाईत स्वस्तात विकलं का, हा प्रश्न लंडनमध्ये फारसा कुणी विचारत नाही. विचारायला हवा होता.

आणि एवढं सगळं जमून आल्यावर शेवटी आलेला बाजार मात्र धडपणे चालेना. उघडून दीड वर्ष होत नाही तोच करोनाची टाळेबंदी आली, हे दुर्दैव खरंच. पण त्याआधीही दुकानदार गर्दी नसल्याची कुरकुर करत होते. लोक येत, छपराचा फोटो काढत, कॉफी घेत आणि निघून जात. एवढ्या महागड्या वस्तूंचं दुकान ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सहज चालतं, कारण तिथे माणूस खरेदीलाच येतो. इथे तो यायचा बसायला. काही नावं गेली, काही नवी आली. खाण्यापिण्याची ठिकाणं टिकली, कपड्यांची जास्त हलली. पायऱ्यांवर मात्र ऊन असेल त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. कालव्याच्या कडेला बसायला पैसे पडत नाहीत. ज्या फुकट गोष्टीसाठी जागेला भाव आला, तिचं भाडं दुकानदाराने भरायचं, असा हा हिशेब आहे, आणि तो छपरं कितीही सुंदर वाकवली तरी जुळत नाही.

फुकट म्हणजे सार्वजनिक, असंही नाही. हे रस्ते आणि चौक खासगी मालकीचे आहेत. नियम मालकाचे, रखवालदार मालकाचे. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने बातमी दिली की इथल्या कॅमेऱ्यांत चेहरे ओळखण्याचं तंत्र वापरलं गेलं होतं. कारंज्यात नाचणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या आयांना याचा पत्ताच नव्हता. माहिती आयुक्तांनी चौकशी सुरू केली आणि विकासकाने तंत्र २०१८ मध्येच थांबवल्याचं सांगितलं. परवडणाऱ्या घरांचंही तसंच: मूळ करारातला वाटा पुढे खाली आला.

याच कालव्यावर काठाकाठाने अर्ध्या तासात चालत जाता येईल इतक्या अंतरावर दुसरं उदाहरण आहे. कॅम्डेन लॉकची लाकडाची जुनी वखार १९७० च्या दशकारंभी तिघा मित्रांनी मिळून घेतली. वरून मोठा हमरस्ता जायचा होता, त्यामुळे पक्कं काही बांधण्यात अर्थ नव्हता. जागा स्वस्त होती ती त्यामुळेच. १९७४ च्या मार्चमध्ये तिथे सोळा गाळ्यांचा हस्तकलेचा शनिवार-रविवारचा बाजार सुरू झाला. हमरस्ता आलाच नाही. बाजार इतका वाढला की लंडनच्या सगळ्यात गर्दीच्या ठिकाणांत त्याची गणना होऊ लागली. त्याला वास्तुविशारद नव्हता, तत्त्वांचं पुस्तक नव्हतं. दिवसाच्या भाड्यावर टेबल मांडता येत होतं, एवढंच. पुढे तिथेही बडे मालक आले आणि भाडी चढली, पण सुरुवातीची वीस वर्षं त्या बाजाराने चांभारापासून दागिने घडवणाऱ्यापर्यंत कितीतरी लोकांना पहिलं दुकान दिलं. कोल ड्रॉप्स यार्डात पहिलं दुकान टाकायची कुणाची ऐपत?

कॅम्डेन कौन्सिलशी महाराष्ट्राचाही संबंध आला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहून शिकले ते किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर याच कौन्सिलच्या हद्दीत, याच कालव्यापासून फार लांब नाही. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये घेतलं. राहत्या घराचं संग्रहालय केलं म्हणून कौन्सिलने हरकत घेतली आणि प्रकरण मंत्र्यापर्यंत गेल्यावर २०२० मध्ये परवानगी मिळाली. ६७ एकरांना होकार देणाऱ्या यंत्रणेला एका घराचा वापर बदलणं खुपलं, याची गंमत वाटते. पण नियम मोठ्या-लहानाला सारखा लावण्याचा तिचा हट्ट मुंबईकराला हेवा वाटावा असाही आहे.

आणि मुंबई खुद्द कोल ड्रॉप्सच्या दाराशी आहेच. स्टेबल स्ट्रीटवरच्या १८५० च्या आसपासच्या मालशेडमध्ये २०१४ पासून ‘दिशूम’ चालतं. इराणी हॉटेलांचा थाट मिरवणाऱ्या या उपाहारगृहाने आतली सजावट व्ही. टी. स्टेशनमागच्या १९२० च्या दशकातल्या गोदामाची केली आहे. बाहेर रांग लागते. परिसरातल्या सगळ्यात हमखास चालणाऱ्या जागांपैकी ही एक, आणि ती विकते ती काल्पनिक मुंबईतल्या मालधक्क्याची आठवण, खऱ्याखुऱ्या लंडनी मालधक्क्यात बसून.

खरा मालधक्का, पाण्याकाठची एका मालकाची सलग जमीन, मुंबईत अजून शिल्लक आहे. पूर्व किनाऱ्यावर कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत मुंबई बंदराकडे सुमारे १,८०० एकर आहेत: कॉटन ग्रीनची कापसाची गोदामं, दारूखान्याची जहाजतोडणी, हाजी बंदर, भाऊचा धक्का. २०१४ मध्ये राणी जाधव समितीने या जमिनीचं काय करावं याचा विचार केला. २०१८ मध्ये बंदरालाच नियोजनाचे अधिकार मिळाले आणि वर्षअखेरीस आराखड्याचा मसुदा आला. गिरणगावाची अडचण, अठ्ठावन्न कुंपणं, इथे नाही. त्याऐवजी जुने भाडेपट्टे आहेत, ज्यांच्या भाडेवाढीचा वाद २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला, आणि गोदामांच्या मधल्या गल्ल्यांत वसलेली हजारो कुटुंबं आहेत, ज्यांच्या नावावर कुठलाच पट्टा नाही. आर्जंटने सुरुवात कलामहाविद्यालयापासून केली. बंदराने नजरेत भरेल असं आधी बांधलं ते बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल.